पुढून गाडी, मागून हौदा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बी विंगखाली परांजप्यांच्या जागेत एक गाडी उभी आहे. तिला गाडी म्हणावं का, हाच प्रश्न आहे. पुढून पाहिलं तर नीटनेटकी मोटार, डॉक्टर-वकिलाच्या दारात शोभेल अशी. बाजूने चालत मागे जावं तर मोटार मध्येच संपते. पुढच्या दोन सीटांच्या पाठीशी काच, आणि काचेमागे उघडा हौदा, टेम्पोला असतो तसा. कुणीतरी झोपेत कापली असावी आणि जागं झाल्यावर लाज वाटून रंग दिला असावा. रंग मात्र चांगला आहे. गडद हिरवा.

परांजपे मुलाकडे कॅनडात. त्यांच्या घराची किल्ली समीक्षाकडे असते, कुंड्यांना पाणी घालायला. तिला विचारलं, त्यांच्या जागेत कोण हे लावून गेलं? म्हणाली, "मला काय माहीत, आई." आणि आत गेली.

मी या सोसायटीची नऊ वर्षं सेक्रेटरी होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मला हेच एक काम मनासारखं मिळालं. घोडबंदर रोडला टॉवर झाले म्हणून माणसं सुधारतात असं नाही. कुणी गच्चीवर पापड वाळत घालतं, कुणी जिन्यात चपलांचं दुकान मांडतं. त्यावर मी बावीस कलमांची नियमावली केली. कलम चौदा: "कोणत्याही प्रकारचे मालवाहू वाहन सोसायटीच्या आवारात उभे करता येणार नाही." एवढं स्वच्छ कलम महानगरपालिकेलाही जमलं नसतं.

गाड्यांबद्दल मला कुणी शिकवू नये. माझ्या वडिलांची स्वतःची गाडी होती. १९६८ सालच्या ठाण्यात अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. मी गाडीतून शाळेत जात असे.

समीक्षा आज पुन्हा घरूनच काम करत होती. चार महिने झाले, ऑफिसची बस थांबते आणि हिला न घेता जाते. काय काम करते कोण जाणे. जेवताना तिच्या नखांत काळं तेल दिसलं. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीच्या नखांत तेल कुठून येतं? केसांना लावलं असेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी अजून तिथेच. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत "हायब्रिड" लिहिलंय. म्हणजे वीज आली. म्हणजे आमच्या कॉमन मीटरची वीज आली.

अर्धा तास प्लग शोधला. पुढे शोधला, मागे शोधला, चष्मा बदलून खाली वाकून शोधला. पेट्रोलचं झाकण आहे. प्लगची जागा नाही. वॉचमन भिवा म्हणाला, "मॅडम, वायर लावताना मी कुणाला बघितलेलं नाही." न बघण्याचाच तर हा पगार घेतो.

रात्री जेवताना समीक्षाला विचारलं. ती म्हणाली, "अगं, तसल्या हायब्रिडला चार्जिंग लागत नाही. इंजिन पेट्रोलचं असतं, सोबत मोटर आणि छोटी बॅटरी. ब्रेक मारला की मोटर उलटी काम करते आणि बॅटरी भरते. जी ताकद नुसती तापून वाया जाते ती परत घेते."

"ब्रेक मारून वीज होते?"

"हो."

"मग आपल्या रिक्षावाल्यांनी एव्हाना अख्खं ठाणे उजळलं असतं."

ती हसली नाही. ताटात बोट फिरवत मला चित्र काढून दाखवायला लागली, वरणात. इतकं हिला कसं माहीत? सगळं मोबाइलवर वाचतात. मला पटलेलं नाही. पेट्रोलही लागतं, वीजही आहे, पण वीज भरायची नाही. पुढून मोटार आहे, मागून टेम्पो आहे. या गाडीने एकदा काय ते ठरवावं.

५ नोव्हेंबर, बुधवार

तक्रार दिली. दोन पानं, इंग्रजीत, डावीकडे समास सोडून. शाळेतल्या सिस्टर मार्गारेट म्हणायच्या, समास सोडणाऱ्या माणसाला कुणी खोटं म्हणत नाही. (ही वही मात्र मराठीत. रागवायला मला मराठीच लागते.) दोन मुद्दे: एक, कलम चौदाचा भंग. दोन, विजेची चोरी, प्लग लपवलेला असण्याची शक्यता.

नयन सध्या सेक्रेटरी आहे. पोरसवदा आहे, चाळिशीचा, पण ऐकतो. म्हणाला, "काकू, तुम्ही लिहून दिलंत म्हणजे विषय संपला. उद्या जॅमर."

बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साडेअकराला पुढच्या चाकाला पिवळा जॅमर बसला. मी बाल्कनीतून चहा घेत पाहिलं. समीक्षाही शेजारी येऊन उभी राहिली आणि एकदम पांढरी पडली. काल पावभाजी खाल्ली होती. ओवा दिला. तो तिने मुठीत धरला आणि खाल्ला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी तिची आहे.

नीट लिहायला हवं, म्हणजे मला तरी कळेल.

सकाळी ती सर्वेश नावाच्या एका तरुणाला घेऊन वर आली. तो कोलशेतचा, तिथल्या जुन्या घरांपैकी. खाली वाकून माझ्या पाया पडला, तेव्हाच मला संशय आला. समीक्षा सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, मी जॉब सोडलाय. जुलैमध्येच. सर्वेश आणि मी मिळून ही गाडी बनवतोय."

"कशाला?" मी म्हटलं.

तिने समजावलं. टेम्पो उंच असतो, दणके बसतात, माल चढवायला दोन माणसं लागतात. पूर्वी मोटारीवरच हौदा बांधलेल्या गाड्या असत. मोटारीसारख्या चालत, बुटक्या असत, गल्लीत जात. त्या बंद झाल्या. त्याच परत आणायच्या, पण हायब्रिड करून. म्हणजे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभी राहिली तरी इंजिन बंद, पेट्रोल जळत नाही. कल्याणच्या बाजारातल्या फूलवाल्यांच्या संघाला वीस तारखेला गाडी दाखवायची आहे. त्यांनी होकार दिला तर पुण्याचे गुंतवणूकदार पुढेही पैसे घालणार. नाही दिला तर त्याच दिवशी सगळं बंद. तोवर गाडी रोज चालवून तपासायची होती. कोलशेतची शेड जागामालकाने टॉवरला दिली, म्हणून दोन आठवडे ती परांजप्यांच्या जागेत आणून ठेवली. त्यांना विचारून.

"आणि मला न विचारता," मी म्हटलं.

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

सर्वेश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. म्हणाला, "काकू, चूक माझी. मीच म्हटलेलं, पंधरा दिवसांत कोण बघतंय. अशी तक्रार कोण करेल वाटलं नव्हतं. कुणीतरी दोन पानं लिहिलीत इंग्लिशमध्ये. प्लग लपवलाय म्हणे."

तो हसला. समीक्षा हसली नाही. तिला माझं अक्षर माहीत आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

घरात दोघींनी वेगवेगळा चहा केला.

९ नोव्हेंबर, रविवार

नयनकडे गेले. म्हटलं, तक्रार मागे घेते, जॅमर काढ.

"काकू, मी काढला असता हो," तो म्हणाला आणि फाइल आणली. माझीच फाइल, माझ्याच हाताने टोचलेली. "पण हे बघा. चौदा ब. 'एकदा लावलेला जॅमर सभासदांच्या सभेत निर्णय झाल्याशिवाय काढला जाणार नाही. तक्रार मागे घेतली तरीही.' तक्रार मागे घेतली तरीही, काकू. असं कोण लिहितं?"

मी लिहिते. लोक रात्री फोन करून गयावया करतात, म्हणून लिहिलं होतं.

सभा सोळा तारखेला. मी घरी येऊन तीन तास ते कलम वाचलं. कुठे एखादा "शक्यतो" राहिलाय का, "साधारणपणे" राहिलंय का. नाही. एक स्वल्पविरामसुद्धा सैल नाही. आयुष्यात मी एवढं चांगलं दुसरं काही लिहिलेलं नाही.

समीक्षाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दहा दिवस ती जागेवर. मग चार दिवसांत मी काय काय बघू?" माझ्याशी बोलली हे काही कमी नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज खाली गेले. दोघं जण जॅमर लावलेल्या गाडीखाली अर्धे शिरले होते. चाक फिरत नसेल पण बाकीचं तपासता येतं म्हणे. हौद्याच्या कडेवर एक म्हातारा बसला होता, पांढरी टोपी, पाय खाली सोडलेले. सर्वेशचे आजोबा, गुणाजी. पूर्वी मिठागरात होते. "गारी बघाला आलू," म्हणाले.

सर्वेश आणि समीक्षा एकाच डब्यातून जेवत होते. डब्यावर "संचिता" असं नाव होतं. मी हे सगळं चार दिवस बघतेय, आई म्हणून काही विचारायला हवं. म्हाताऱ्याच्या शेजारी उभी राहून हळूच म्हटलं, "मुलगा कष्टाळू दिसतो. आमच्यात पत्रिका बघतात. तुमच्याकडे?"

त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "त्याला दोन पोरां हायत. संचिता सून माजी."

मी डब्याकडे पाहत "डबा छान आहे" असं काहीतरी म्हटलं.

म्हाताऱ्याला हसू आवरेना. मग गाडीवर हात थापटून म्हणाले, "ई गारी मी वलखतो. अशीच होती. पुरून गारी न मागून हौदा. नारवेकराची. पावाची गारी. कोलशेतान आमचे दुकानावर पाव टाकाला येवाचा."

मी म्हटलं, "नार्वेकर माझे वडील."

"तू नारवेकराची पोर? इंग्रजी शालेतली?" ते कडेवरून उतरलेच. "तो लय सांगाचा तुजा. पोरगी फारफार बोलते, सिस्टर लोक पण घाबरतात. पोरीला म्हने वलनावर उतरवतो. मी इचारला, का रं, शाला तं पुरं हाय, वलनावर कशाला? तं बोलला, सिस्टरचा नियम हाय. मालाची गारी फाटकावर न्याची नाय."

"हो. होता तसा नियम," मी म्हटलं.

"कसला नियम. मी त्याला बोललो, येडा का तू, रोज सकालचे त्याच फाटकातून आत जातस, बोर्डिंगचे पोरींचा पाव घेऊन. तवा नियम कुटं जातो? तं हसला निस्ता."

समीक्षा गाडीखालून बाहेर आली होती. पाना हातात धरून उभी होती. "आई, आजोबांची गाडी अशी होती? तू तर नेहमी म्हणतेस, कार होती."

मी म्हटलं, पुढून कारच होती. आणि कुकर लावायचा म्हणून वर आले. सकाळचा भात होता, तरी लावला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुणाजींचा काहीतरी गोंधळ होतोय. पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट, वय ऐंशीच्या पुढे. दुसरी शाळा असेल. ठाण्यात काय एकच बोर्डिंग होतं का.

बाबा पहाटे चारला निघत. साडेसहाला परत येत, चहा पीत, आणि दुसऱ्या फेरीला मला घेऊन जात. पहिल्या फेरीत कुठे जात ते मी कधी विचारलं नाही. झोपलेली असे.

बोर्डिंगच्या मुलींना सकाळी पाव मिळायचा, हे मला माहीत आहे. कुसुम फर्नांडिस तिचा अर्धा मला द्यायची, मधल्या सुट्टीत. चांगला असायचा. कुठून यायचा ते काय लिहिलेलं असतं का पावावर.

नियमाबद्दल. तो सिस्टरांनी केला नव्हता. चौथीत असताना मी केला. एका सकाळी बाबांना सांगितलं की सिस्टर म्हणतात मालाच्या गाड्या गेटवर आणू नका. ते "बरं" म्हणाले आणि वळणावर थांबले. मी उतरून फ्रॉक झटकला, पिठी लागलेली असे, आणि चालत गेले. मॅट्रिकपर्यंत तसंच. मुलींना सांगितलं होतं, आमची गाडी आहे. ते खोटं नव्हतं.

दुसरी शाळा असेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

समीक्षाने रात्री माझ्या खोलीत येऊन सभेची तयारी सांगितली. तिचा मुद्दा असा: गाडीचा सांगाडा मोटारीचा, सीट मोटारीच्या, चालवताना वाटते मोटार, कंपनीचा चाचणीचा नंबर आहे, धंद्याला लावलेली नाही. "तू फक्त उभी राहून म्हण की ही कार आहे. कलम तुझं आहे, अर्थ तूच सांगणार. कोणी वाद घालणार नाही. मग वीस तारखेपर्यंत इथेच ठेवता येईल. रात्री छप्पर, वॉचमन, लाइट. मला दुसरीकडे कुठेच हे नाही, आई."

"बरं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. आमची गाडी आहे, हे मी शाळेपासून म्हणतेय. एकदा आणखी म्हणेन."

तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "झाल्यावर आपण दोघी कुठेतरी जाऊ जेवायला." तिच्या तळहाताला घट्टे पडलेत. बाबांच्या होते तसे, बोटांच्या मुळाशी.

१६ नोव्हेंबर, रविवार

काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. जसं घडलं तसं लिहिते.

क्लब हाउसमध्ये पन्नासेक माणसं होती. चहा, ग्लुकोज बिस्किटं. नयनने विषय वाचला. म्हणाला, "आपल्याकडे प्रश्न साधा आहे. ही कार आहे की मालाची गाडी? कलम काकूंनी लिहिलंय. काकूच सांगतील."

मी उभी राहिले. तोंड उघडेपर्यंत "ही कार आहे" हेच म्हणणार होते. समीक्षा पहिल्या रांगेत होती, सर्वेश दाराशी. आणि मी म्हटलं, "ही मालाची गाडी आहे."

नयनने पेन खाली ठेवलं.

नयन म्हणाला, "मग काकू, विषयच संपला."

"संपला नाही," मी म्हटलं. "ती मालाचीच गाडी आहे. माझ्या वडिलांची पण होती. तिच्यातून पाव जायचा. कलम चौदा मी लिहिलंय आणि ते वाईट आहे. ते काढून टाका असा माझा ठराव आहे."

मग एकच कल्ला. सी विंगच्या रचना म्हणाल्या, "अहो, आज ही आली, उद्या मासळीचे टेम्पो येतील."

"येतील. मासळी तुम्हीच खाता. दर रविवारी वास येतो."

"काकू, पण तुम्हीच तर नऊ वर्षं..."

"नऊ वर्षं चूक होते. आता दुरुस्त करतेय तर ऐकून घ्या."

तसं बोलायला नको होतं. लोक मला घाबरत होते तोवर माझ्या बाजूने होते. हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूने फार थोडे. समीक्षाने हात वर केला नाही. हात वर करणं काही अवघड नव्हतं. कलम राहिलं. जॅमर निघाला आणि गाडी संध्याकाळच्या आत बाहेर.

लिफ्टमध्ये समीक्षा म्हणाली, "एक शब्द होता, आई. फक्त एक शब्द."

मी म्हटलं, "माझ्या तोंडून निघेना."

"कधीपासून?"

हे मी मलाच विचारतेय. पुढच्या मजल्यावर लोक आत आले आणि आम्ही दोघी आकड्यांकडे बघत राहिलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी गुणाजींच्या अंगणात आहे, वर ताडपत्री. समीक्षा सकाळी सहाला जाते, दिवसभर चालवते. परत येते तेव्हा डासांनी फोडून काढलेली असते. काल मी ओडोमॉस टेबलावर ठेवलं. आज नव्हतं, म्हणजे नेलं.

गुणाजींनी जागा दिली ती कुठल्याही सभेशिवाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बरंच लिहायचंय, हात दुखेपर्यंत.

माफी मागायची मला सवय नाही, म्हणून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. सात वाजता रिक्षाने कोलशेतला गेले आणि काही न बोलता गाडीत पुढच्या सीटवर बसले. डबा मांडीवर. समीक्षाने दार उघडून माझ्याकडे बघितलं. "आई, उतर. आज कामाचा दिवस आहे."

"माल म्हणून ने," मी म्हटलं. "मागे बसवत असशील तर मागे बसते."

सर्वेश म्हणाला, "राहू दे ना समीक्षा. मी बाइकने पुढे जातो, फुलांचे क्रेट उतरवून ठेवतो." गुणाजी ओट्यावरून बघत होते. त्यांनी हात वर केला, मीही केला.

कापूरबावडीला अडकलो. नेहमीसारखे, सगळीकडून. अचानक गाडीचा आवाज थांबला. थरथरसुद्धा गेली. मी म्हटलं, "बंद पडली."

"नाही पडली."

"अगं, इंजिनाचा आवाज नाही. मला ऐकू येतं अजून."

"इंजिन बंद आहे. गाडी चालू आहे." आणि खरंच, पुढचा टेम्पो चार हात सरकला, तशी आमची गाडी आवाज न करता त्याच्या मागे गेली. आजूबाजूला सगळे धूर सोडत उभे, आणि आम्ही बाल्कनीत बसल्यासारख्या. मी पुऱ्यांचा डबा उघडला. समीक्षाने स्टिअरिंगवर एक हात ठेवून दोन खाल्ल्या. मुंब्र्याच्या बायपासला उतारावर तिने समोरच्या काट्याकडे बोट दाखवलं. ती पाय दाबत होती आणि काटा भरत होता. "बघ. हेच वरणात काढलेलं."

मला अजून पूर्ण कळलेलं नाही. पण काटा भरत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं.

कल्याणच्या बाजारात फूलवाल्यांचा संघ म्हणजे मला वाटलं होतं टाय लावलेले चार लोक असतील. सात-आठ जण होते, आणि पुढारी सगुणाबाई नावाची बाई, माझ्याच वयाची, नाकात मोरणी, कमरेला पट्टा. दुखण्याचा पट्टा, डॉक्टरांनी दिलेला. समीक्षा इंजिन-मोटर समजावत होती आणि ते लोक गाडीभोवती फिरत होते. एक जण खाली वाकला, मग मागे जाऊन वाकला, मग दुसऱ्या बाजूने. मी ओळखलं.

"प्लग शोधताय?" मी म्हटलं.

"हां. चार्जिंग कुठून करायची?"

"शोधू नका. मी चष्मा बदलून शोधलाय, तक्रारसुद्धा केली होती. नाहीये. पेट्रोल टाका, ब्रेक मारा, ती आपली आपण भरते. कसं ते या मुलीला विचारा, ती वरणातसुद्धा काढून दाखवते."

लोक हसले. समीक्षाने माझ्याकडे बघितलं, आठवड्यात पहिल्यांदा सरळ.

सगुणाबाईंना मोटरमध्ये रस नव्हता. त्या मागे गेल्या, झेंडूचा भरलेला क्रेट स्वतः उचलला आणि हौद्यात ठेवला. एकट्यांनी. हौदा त्यांच्या मांडीइतकाच उंच. मग दुसरा ठेवला. मग पट्टा नीट करून म्हणाल्या, "टेम्पोत टाकायला मला दरवेळी कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं. हिच्यात नाही लागणार."

त्यांच्यात बराच वेळ खुसफुस झाली. शेवटी म्हणाल्या, "आत्ता घेत नाही. दोन गाड्या द्या, दोन महिने चालवतो, मग बोलू. मोडली तर तोंड दाखवू नका." समीक्षाने तिथेच पुण्याला फोन लावला. बोलताना ती फुलांच्या ढिगाकडे पाठ करून उभी होती, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. फोन ठेवून सर्वेशला म्हणाली, "मार्चपर्यंत पैसे देतायत." तो खाली उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्याने संचिताला फोन केला.

मार्चनंतरचं काय, ते मी विचारलं नाही. आज विचारलं नाही, हे लिहून ठेवते.

परत येताना कळव्याच्या पुलावरून ठाण्यात आलो. मी म्हटलं, "शाळेवरून घे."

"कुठल्या शाळेवरून?"

"माझ्या."

शाळा सुटायची वेळ होती. वळण आलं. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. समीक्षाने गाडी हळू केली, कडेला घ्यायला लागली, कारण पुढे गर्दी होती.

"वळणावर नको," मी म्हटलं. "गेटसमोर घे."

"आई, बसेस आहेत तिथे. पाच मिनिटं चालायचं आहे फक्त."

"गेटसमोर घे गं."

तिने घेतली. बरोबर गेटसमोर. हौद्यात झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या होत्या. मी दार उघडून उतरले. साडी झटकली, का कोण जाणे, तिला काहीच लागलेलं नव्हतं. मुली बाहेर येत होत्या, तोच निळा गणवेश, फक्त आता फ्रॉकऐवजी स्कर्ट. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. कुणी गाडीकडेही बघितलं नाही.

गेटवरचा वॉचमन शिट्टी फुंकत आला. "ओ मॅडम, मालाची गाडी इथे नाही लावायची. नियम आहे."

"कुणी केला?"

"काय माहीत. पहिल्यापासून आहे."

मी त्याला सांगितलं, तो नियम माझा आहे आणि मी तो मागे घेतलाय. त्याला काही कळलं नाही. तो शिट्टी तोंडात धरून उभा राहिला. मीही उभी राहिले, गाडीच्या दाराला हात लावून, गेट पूर्ण उघडं होतं तेवढा वेळ. आतल्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारी वाट अजून आहे. तिच्यावर चाकं जातील एवढी रुंद आहे. मला वाटायचं ती पायवाट आहे.

मग मी परत आत बसले.

समीक्षाने गाडी सुरू केली. आवाज आला नाही पण सुरू झाली असणार. म्हणाली, "कोणाला भेटायचं होतं?"

"कोणाला नाही," मी म्हटलं. "फक्त उतरायचं होतं."